दरबारी आटे

मी नेमका कोणाच्या नोकरीत होतो, हे मला अजूनही धड सांगता येत नाही. लागलो तेव्हा ग्वाल्हेर दरबारचा होतो. मग मध्य भारताचा झालो आणि पुढे मध्य प्रदेशाचा. एवढ्या घडामोडीत माझं टेबल हललं नाही, खुर्ची हलली नाही, खिडकीबाहेरचा कडुलिंबही तोच राहिला. फाटकावरची पाटी रंगवायला तेवढा पेंटर येऊन जायचा. तो गेला की आम्ही सगळे बाहेर जाऊन, आपण आता कोण झालो, ते वाचून यायचो.

आमचा कारखाना ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागात, एका कडेला होता. पाण्याचे पंप, बागांतली कारंजी, लोखंडी फाटकं, तोफांचे गाडे, संस्थानात जे मोडेल ते आमच्याकडे यायचं. मधोमध एक वाफेचं इंजिन होतं. ते फिरलं की छताखालचा लांब दांडा फिरायचा, दांड्यावरून चामड्याचे पट्टे खाली यायचे आणि एकेका पट्ट्यावर एकेक यंत्र चालायचं. इंजिन थांबलं की अख्खा कारखाना हात बांधून उभा. हे इंजिन विलायतेहून आलेलं नव्हतं. आमच्या धुमाळसाहेबांनी ते तरुणपणी इथंच ओतून, तासून उभं केलं होतं. ते इंजिन राहणार की भंगारात जाणार, एवढाच या हकिगतीतला प्रश्न आहे. उत्तर मला माहीत आहे, पण ते तसं का आलं, हे विचाराल तर मी आजही गोंधळतो.

धुमाळसाहेबांचं घराणं दक्षिणेतून घोड्यावर बसून आलेलं. आजे-पणजे लढले, वडील पागेत होते. दरबारातल्या कोणाच्या तरी मनात आलं की घोड्यांचे दिवस आता भरत आले, आपलाही एखादा मुलगा इंजिनं शिकून यावा. कंपू या मराठी फौजेच्या जुन्या वस्तीतल्या या मुलाला घोड्याचा नाल उत्तम ठोकता येतो, एवढ्या गुणावर त्याची निवड झाली. व्हिक्टोरिया राणीचा अंमल होता तेव्हा. मुंबई इलाख्यातल्या एका मोठ्या रेल्वे कारखान्यात गोऱ्या साहेबाच्या हाताखाली त्यांनी पाच वर्षं काढली.

ते शिक्षण कसं असे, ते त्यांच्याच तोंडून ऐकलंय. पहिलं वर्ष नुसती कानस. लोखंडाचा ओबडधोबड तुकडा हातात द्यायचे आणि म्हणायचे, याचा चौरस ठोकळा कर. ठोकळ्यावर पट्टी ठेवून उजेडाकडे धरायची. पट्टीखालून उजेड डोकावला की साहेब तो ठोकळा सगळ्यांसमोर भंगाराच्या ढिगात फेकायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. मग लोहारकाम, लाकडी नमुने, वाळूचे साचे, ओतकाम, लोखंड कातायचा लेथ. कागद आणि शाई सगळ्यात शेवटी. मी काशीला इंजिनिअरिंग शिकून आलेला, म्हणजे कागद आधी शिकलो आणि लोखंडाला हात लावला तो नोकरी लागल्यावर. त्यांना याचा अचंबा वाटे. "म्हणजे पोहायचं तुम्ही किताब वाचून शिकलात न दत्तोपंत?" असं म्हणून त्यांनी पदवीधर असलेल्या मला महिनाभर ठोकळा घासायला लावला. शेवटी तो उजेडाकडे धरून म्हणाले, "ठीक आहे. कागद दाबायला होईल." तो ठोकळा मी अजून जपून ठेवला आहे.

मी लागलो तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. शिंदेशाही पगडी, काळा कोट, खिशात साखळीचं घड्याळ. दरबारच्या नोकरीत निवृत्ती असा प्रकार नव्हता, माणूस संपला की नोकरी संपायची. रोज सकाळी वाफ चढायच्या आधी ते इंजिनापाशी जायचे आणि त्याच्या बोल्टांवरून बोटं फिरवायचे. आम्ही समजायचो, म्हातारा लाड करतोय.

आता आट्यांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बोल्टवर गोल गोल फिरत जाणारी जी खाच असते, ते आटे. आमच्याकडचे कामगार त्याला चूडी म्हणत. एका बरणीचं फिरकीचं झाकण दुसऱ्या बरणीला लावून पाहा, आटे जुळले नाहीत तर ते बसत नाही. इंग्रजांनी आपल्या कारखान्यांसाठी आट्यांचं एक माप ठरवलं होतं आणि बहुतेक सगळीकडे तेच चालायचं. आमच्या संस्थानात मात्र वेगळं माप होतं, आणि तेही अगदी किंचित वेगळं. बाहेरचा नट आमच्या बोल्टवर दोन फेरे मजेत जायचा, तिसऱ्याला कुरकुरायचा आणि मग असा अडकायचा की पुढेही नाही आणि मागेही नाही.

याला सगळे दरबारी आटे म्हणत आणि कामगारांना त्याचा कोण अभिमान! हेडमिस्त्री रामसेवक छाती पुढे काढून, तिकडच्या रीतीनं 'ये'ला 'जे' म्हणत सांगे, "साहब, जे दरबार की चूड़ी है। चोर ले भी जाए तो बेचेगा कहाँ?" हे आटे वेगळे का, असं मी एकदा धुमाळसाहेबांना विचारलं होतं. त्यांनी घड्याळ काढून पाहिलं आणि मला ओतशाळेत पिटाळलं.

विलीनीकरण झालं आणि कारखाना कोणाचा हेच कोणाला कळेना. राजवाडा म्हणे, आता तो सरकारचा. सरकार म्हणे, राजवाड्याकडून आमच्याकडे अजून आलेला नाही. बरं, सरकार तरी कुठे एका जागी होतं? हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. थंडीत विचारलेल्या गोष्टीचं उत्तर ऐन उन्हात इंदूरहून यायचं, तोवर आपण काय विचारलं होतं तेच आम्ही विसरलेले असायचो. एकदा मी कोळसा मागितला, तर आम्ही किती कोळसा पाठवू शकू, अशी उलट मलाच विचारणा आली.

त्या वर्षीचा दसरा तर मी विसरणार नाही. संस्थानात रीत होती की दसऱ्याला प्रत्येक कारखान्यानं आपल्या हातची एक वस्तू दरबारला नजर करायची. ताटात मखमल, मखमलीवर वस्तू. दरबारचा अधिकारी तिला हात लावायचा, म्हणजे ती मंजूर. त्या वर्षी कामगारांनी सवयीनं पितळेची एक सुरेख तोटी केली, ताट सजवलं, आणि मग ते कोणापुढे धरायचं हेच समजेना. शेवटी रामसेवक माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "साहब, आप ही हाथ लगा दो." मी लावला. दुसऱ्याच्या पानावर जेवायला बसल्यासारखं वाटलं मला.

मग बाहेरचा माल यायला लागला. इंदरगंजच्या दुकानांत इंग्रजी आट्यांचे नट-बोल्ट मिळायला लागले. दिसायला अगदी आमच्यासारखे, त्यामुळे लोक बिनदिक्कत घेऊन जात आणि मग आमच्याकडे येत. टोपी बाजारातले एक शेठ टोप्या दाबायचं यंत्र हमालाच्या डोक्यावर देऊन आले. घामाघूम झाले होते.

"इंजीनियर साहब, नट दो चक्कर तो ऐसे गया जैसे ससुराल जा रहा हो. फिर बैठ गया. ग्राहक की टोपी भीतर फँसी है, और ग्राहक दुकान में बैठा है."

छिन्नीनं नट फोडून टोपी काढली, ती पापडासारखी चपटी निघाली. शेठजींनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "अब जे कौन-से राज की टोपी हुई?"

हसण्यावारी न्यावं असं सगळंच नव्हतं. शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेवर उकळायचं एक बंद भांडं आम्ही पूर्वी एका इस्पितळाला करून दिलं होतं. त्याच्या झाकणाला कोणीतरी बाजारचा नट लावला. हत्यारं भांड्यात, रोगी टेबलावर आणि झाकण उघडेना. मी छिन्नी-हातोडा घेऊन धावलो. मी घाव घालत होतो आणि सिस्टर माझ्या कानाशी सारखी म्हणत होती, "जल्दी करो, जल्दी करो." झाकण निघालं, रोगी वाचला. पण एका गावात दोन तऱ्हेचे आटे नांदू द्यायचे नाहीत, हे माझ्यापुरतं त्या दिवशी ठरून गेलं.

वरूनही तेच ठरून आलं. सगळं इंग्रजी मापावर न्यायचं, जे नेता येणार नाही ते भंगारात. अंमलबजावणी माझ्याकडे. कारखान्यात सुतक पडल्यासारखं झालं, कारण इंजिनाचा एकूण एक बोल्ट दरबारी आट्यांचा. थोड्याच दिवसांत इंदूरहून आमचे नवे वरिष्ठ, मुळेसाहेब, पाहणीला आले. भला माणूस. इंजिनाभोवती दोनदा फिरले, चाकाला हात लावून उभे राहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे राहू द्या हो. चालतंय तोवर चालू दे. फक्त याला बाजारचा नट लावू नका. वर काय कळवायचं ते मी पाहतो."

मी जवळजवळ पळतच धुमाळसाहेबांकडे गेलो. ते लेथजवळच्या उंच स्टुलावर बसले होते. सांगितलं, इंजिन वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद बिनंद काही दिसेना.

"नाही," ते म्हणाले. "सगळ्यात आधी इंजिन बदलायचं."

मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नसावं. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी मला जवळ बसवलं आणि हळू आवाजात बोलायला लागले.

"मी शिकून वापस आलो, तो माझा पहिला दसरा. हा लेथ नवा आलेला. आटे पाडायचे तर लेथची दातांची चाकं बदलावी लागतात, तुम्हाला माहीतच आहे. इतके आटे पाहिजे तर इतक्या दातांचं चाक. त्यातलं जे पाहिजे तेच नेमकं प्रवासात फुटलेलं. मी म्हटलं, जवळचं लावून देऊ. एक दात कमी. दसऱ्यापुरतं तर आहे, कोणाला काय कळून राहिलंय? बोल्ट आणि नट असे चमकवले दत्तोपंत, की आरसा झक मारेल. ताटात ठेवले. अधिकाऱ्यांनी हात लावला."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी गेलो न मी त्यांच्याकडे. म्हटलं, हुजूर, गलती झाली, चाक मागवलंय, आलं की दुरुस्त करून देतो. ते म्हणाले, धुमाळ, दरबारनं हात लावलेली चीज चुकीची कशी असेल? आता हेच आपले आटे. झालं. त्याच बोल्टवरून पुढची सगळी हत्यारं बनली. विलायतेहून चाक आलं, ते पेटीतच राहिलं."

संस्थानातला प्रत्येक पंप, प्रत्येक फाटक, प्रत्येक कारंजं एका तुटक्या चाकामुळे जगावेगळं झालं होतं, आणि आम्ही त्याची मिजास मिरवत होतो.

"नंतर कोणाला सांगणार?" ते म्हणाले. "रामसेवकच्या बापाला मी ह्याच आट्यांवर शिकवलं. इंजिन ह्याच आट्यांवर बांधलं. कोणी रेल्वेचा साहेब कारखाना पाहायला आला की मी त्याच्या हातांवर नजर ठेवून राहायचो. आता हा नट उचलेल, आता लावून पाहील, आता हसेल. रोज सकाळी इंजिनाला हात लावतो न मी? ते चुकीचं आहे, हे माझं मला विसरायला नको म्हणून. माझ्या हातची चूक आहे, माझ्या डोळ्यांसमोर निघू द्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या कामगारांना इंजिनापाशी बोलावून हीच गोष्ट हिंदीत सांगितली. सगळे मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर रामसेवकनं हात जोडले.

"बड़े साहब, जे आप नहीं बोल रहे. जे इंदौर बोल रहा है."

"अरे, मैं बोल रहा हूँ! मेरी गलती है!"

"आपसे गलती होती ही नहीं, साहब."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. नव्या सरकारनं म्हाताऱ्या माणसावर दबाव आणून त्याच्याकडून असं वदवून घेतलं, असंच सगळ्यांचं मत पडलं. धुमाळसाहेब ओरडायला लागले, मग खोकायला लागले आणि मग स्टुलावर बसले. एवढी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर काढली आणि ती कोणी घेईना. मला त्यांची फार कीव आली.

माझी हरकत वेगळी होती. इंजिनाच्या सिलिंडरचं झाकण ज्या बोल्टांवर बसतं, त्यांची भोकं बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कडेत पाडलेली. जुने आटे काढायचे तर भोक मोठं करावं लागणार, आणि बीड तिथं आधीच पातळ. मी म्हणालो, "साहेब, मधल्या जागेत नवी भोकं पाडू. जुनी बुजवून टाकू."

"आणि कोणी विचारलं, ही बुजवलेली कसली?"

"कोण विचारणार आहे?"

"मी विचारीन," ते म्हणाले.

मुळेसाहेब इंदूरला परतले होते. एकीकडे त्यांनी राहू द्या म्हटलेलं, दुसरीकडे ज्यानं इंजिन जन्माला घातलं तो म्हणतोय, बदला. नियमानं पाहावं तर दोघांचंही बरोबर. दोन रात्री मला झोप लागली नाही. शेवटी, इंजिन त्यांचं, आपण मध्ये कोण, असं म्हणून मी मान हलवली.

काम त्यांनी स्वतः केलं. आटे पाडायचं हत्यार दोन मुठींच्या दांड्यात धरून फिरवतात, अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, पुन्हा पुढे. बीड कसं चुरचुरतं ते ऐकत हात चालवायचा असतो. पगडी काढून खुंटीला अडकवली होती त्यांनी. मी असं काम पुढे कोणाच्या हातून पाहिलं नाही. तिसऱ्या भोकाला दांडा त्यांना एकट्याला फिरेना, तेव्हा रामसेवक पुढे आला आणि दांड्याची दुसरी मूठ त्यानं धरली. "मानता तो मैं अब भी नहीं," एवढंच म्हणाला, आणि शेवटच्या भोकापर्यंत त्यानं मूठ सोडली नाही.

झाकण बसल्यावर धुमाळसाहेबांनी इंदरगंजच्या दुकानातला एक नट घेतला आणि दोन बोटांनी बोल्टवर फिरवला. दोन फेरे गेला, तिसरा गेला, चौथा गेला, तळापर्यंत गेला. "गेला की हो," ते माझ्याकडे वळून म्हणाले. चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मग वाफ चढवली. चाक फिरलं, दांडा फिरला, पट्टे सळसळले, आणि कामगारांनी, ज्यांचा विश्वासच नव्हता त्यांनीसुद्धा, टाळ्या वाजवल्या. दुपारपर्यंत चांगलं चाललं. सिलिंडर पुरता तापला आणि तडकन आवाज झाला. एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत कड चिरत गेली आणि वाफेचा लोट बाहेर आला. मी धावत जाऊन झडप बंद केली. पट्टे हळूहळू थांबले.

वाफ ओसरल्यावर ते सिलिंडरजवळ गेले आणि त्यांनी त्यावर तळहात ठेवला. रामसेवकनं ओरडून त्यांचा हात मागे ओढला.

"आटे धरले न?" त्यांनी मला विचारलं.

"धरले, साहेब. बीड गेलं."

"ठीक आहे," म्हणाले. पगडी घातली, घड्याळ पाहिलं आणि घरी गेले. पुन्हा कारखान्यात आले नाहीत. इंजिन भंगारात गेलं, त्या जागी विजेची मोटर आली. मुळेसाहेबांनी मला विचारलं, "अहो, मी राहू द्या म्हणालो होतो न?" ही सगळी हकिगत त्यांना कुठून आणि कशी सांगायची ते मला कळेना.

पुढची कित्येक वर्षं आम्ही दरबारी आटे पुसत होतो. पंप झाले, फाटकं झाली, कारंजी झाली. सगळं इंग्रजी मापावर आणून हात झटकतोय तोच मध्य प्रदेश झाला, पेंटर आला, पाटी बदलली, राजधानी भोपाळला गेली. आणि पाठोपाठ मापंच बदलली. देशभर इंच जाऊन मिलिमीटर आले, आणि नवं काम सगळं नव्या आट्यांवर करायचं असं फर्मान निघालं. ज्या इंग्रजी आट्यांसाठी आम्ही एवढी वर्षं झिजलो, ते आता आमच्याच कारखान्यात 'जुने आटे' म्हणून ओळखले जायला लागले. त्या दिवशी मी सुटी झाल्यावर घरी न जाता कंपूत धुमाळसाहेबांकडे गेलो. सांगावं की नाही, हे वाटेत शेवटपर्यंत ठरलं नव्हतं.

धुमाळसाहेब अंगणात उन्हाला खाटेवर पडले होते. नजर गेली होती, कान शाबूत होते. सूनबाईंनी सांगितलं, "मामंजी, दत्तोपंत आलेत." त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि कारखान्यात काय चाललंय ते विचारलं. मला खोटं बोलता येईना. सांगून टाकलं.

"म्हणजे गोऱ्यांचे आटे पण गेले?"

"गेले, साहेब."

"ते पण चुकीचे होते?"

"चुकीचे नव्हते हो. बदलले."

"बदलले," ते म्हणाले, आणि हसायला लागले. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. खाट करकरायला लागली, सूनबाई चहा घेऊन येता येता दारातच थबकल्या. "अहो, माझ्या त्या साहेबाला कोणी तरी सांगायला पाहिजे! काय फेकायचा तो ठोकळे!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसलो. मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं मला.

मग त्यांचं हसू हळूहळू थांबलं.

"दत्तोपंत," ते म्हणाले, "मग मी इतकी वर्षं भ्यालो कशाला?"

मी दुसऱ्या हातानं त्यांचं घसरलेलं पांघरूण सारखं केलं.

"मुळेसाहेब राहू द्या म्हणाले होते न? मग इंजिन आजही चाललं असतं."

"चाललं असतं, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात सोडला आणि पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.